सवारोंच्या रानात मुक्काम: टूसॉनचा आमचा अनुभव

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की गेट्स पासचा घाट धरू नका. शहरातून पश्चिमेकडच्या रानात शिरायला नकाशा तोच रस्ता दाखवतो, कारण तो जवळचा आहे. पण 25 फुटांहून लांब गाड्या आणि मोटरहोम यांना तिथे मनाई आहे, आणि वळणं पाहिली की ती का आहे ते कळतं. आम्ही दक्षिणेकडून आहो वे आणि किनी रोडने आलो. थोडा वळसा पडतो, पण रस्ता सरळ आहे.

मुक्काम गिल्बर्ट रे कॅम्पग्राउंडवर. हे टूसॉन माउंटन पार्कमधलं, काउंटीचं कॅम्पग्राउंड. जागेवर 30 अँपियरची वीज मिळते, पाण्याचा आणि सांडपाण्याचा जोड मात्र नाही. त्यामुळे टाकी काठोकाठ भरूनच जागेवर लागायचं. पुढचं सगळं गणित त्या टाकीचं. ताटं आधी कागदाने पुसून मग विसळायची, आंघोळीत साबण लावताना शॉवर बंद, आणि भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून टॉयलेटला. वरण, भात, बटाटे एकाच कुकरमध्ये लावले की घासायची भांडी कमी होतात. हीटर चालू असताना मायक्रोवेव्ह लावायचा नाही, नाहीतर ब्रेकर पडतो. आमच्या ओळखीचे बरेच जण शहरातल्या आरव्ही रिसॉर्टमध्ये उतरतात. तिथे सगळे जोड असतात, पोहण्याचा तलावही असतो. पण मला वाटतं, इतक्या लांब येऊन दार उघडल्यावर समोर दुसऱ्याची गाडीच दिसणार असेल, तर घर चाकांवर घेऊन येण्याचा अर्थ काय? इथे दारातून पाऊल टाकलं की सवारो.

हा निवडुंग मी आधी फक्त चित्रांत पाहिला होता. जवळ गेल्यावर त्याच्या अंगावरच्या उभ्या चुण्यांकडे लक्ष जातं. पाऊस झाला की तो मुळांनी पाणी ओढतो आणि त्या चुण्या उलगडून खोड फुगतं. मग महिनोन्‌महिने तेच पाणी पुरवून वापरतो. पहिल्या आठ-दहा वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो, आणि हातांसारख्या फांद्या फुटायला साधारण 50 ते 75 वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. लहान रोप उघड्यावर जगत नाही. पालो वेर्देसारख्या झाडाच्या सावलीत ते वाढतं. आमच्या जागेमागच्या पालो वेर्देखाली बोटभर उंचीचा एक होता, म्हणजे दहाएक वर्षांचा तरी असणार. मी रोज सकाळी त्याला पाहून यायची. एवढ्याशा जिवाला दीडशे वर्षं उभं राहायचं आहे, हा विचार मला फार भारी वाटायचा.

दिवस आम्ही उन्हावर आखला. हिवाळ्यातसुद्धा रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलं ऊन. म्हणून उजाडता उजाडता निघायचं, दुपारच्या आत परतायचं आणि संध्याकाळी पुन्हा थोडं चालायचं. मोठी चढाई किंग कॅन्यनमधून वॉसन शिखराची, जाऊन-येऊन सुमारे 7 मैल. 4,687 फुटांचं हे शिखर टूसॉन डोंगररांगेत सर्वांत उंच. वाटेत जुन्या खाणींच्या खुणा दिसतात. प्रत्येकी तीन लिटर पाणी घेतलं होतं आणि ते सगळं लागलं. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी सिग्नल हिलवर जावं. थोड्याशा पायऱ्या चढल्या की प्राचीन होहोकाम लोकांनी खडकांवर कोरलेली चित्रं आहेत, वरच्या खडकावरचं चक्राकार वेटोळं तर फारच ठसठशीत.

पाठपिशवीत एक कंगवा असू द्या. चोया नावाच्या निवडुंगाचा तुकडा नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतो. माझ्या नवऱ्याच्या पोटरीला असा एक गोळा लागला. हाताने ओढायला गेलं तर बोटांत घुसतो. कंगवा गोळ्याखाली सरकवून एका झटक्यात बाहेरच्या बाजूला उडवायचा, आणि राहिलेले काटे चिमट्याने काढायचे.

सॅन झेवियर देल बाकचं चर्च मला पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. फादर किनो यांनी 1692 मध्ये स्थापलेलं हे मिशन. आजची पांढरी इमारत 1783 ते 1797 या काळात उभी राहिली. पूर्वेचा मनोरा अपुराच राहिला आहे. ते इथल्या मूळनिवासी तोहोनो ओओडम लोकांच्या भूमीवर आहे आणि आजही त्यांचं नांदतं चर्च आहे. ज्या संताचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझुसमध्ये आहे, त्याच फ्रान्सिस झेवियरची इथे आडवी निजलेली लाकडी मूर्ती आहे. भाविक तिचं डोकं हलकेच उचलून नमस्कार करतात. तिच्या पांघरुणाला धातूचे छोटे पाय, हात, डोळे टाचलेले होते, सोबत फोटो आणि हॉस्पिटलमधल्या मनगटपट्ट्या. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्या मनगटपट्ट्यांवरची नावं वाचायचा धीर मला झाला नाही. बाहेर मांडवात गरम फ्राय ब्रेड, म्हणजे तळलेला पाव, मिळतो, तो मधाबरोबर खावा.

माउंट लेमनला छोटी गाडी घेऊन गेलो. पायथ्याशी सवारो आणि 9,000 फुटांवर पाइन, मध्ये बर्फ. एवढा बदल एका तासात. स्वेटर, टोपी बरोबर हवीच. सबिनो कॅन्यन सुंदर आहे, पण शनिवार-रविवारी गर्दी फार, मधल्या वारी जा. डेझर्ट म्युझियम, म्हणजे वाळवंटातले प्राणी आणि झाडं दाखवणारं उघड्यावरचं संग्रहालय, त्यासाठी मात्र अर्धा दिवस ठेवा. हिवाळ्यात तिथे हॅरिस ससाणे मोकळे सोडतात, ते डोक्यावरून इतके खालून जातात की पंखांचा वारा लागतो.

सवारोची फुलं आम्हाला मिळाली नाहीत. ती मे-जूनमध्ये, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतात. त्यासाठी पुन्हा यायचं ठरलंय, फक्त त्या उकाड्यात दिवसभर एसी लागणार, म्हणून तेव्हा 50 अँपियरची जागा घेऊ आणि चालणं पहाटेच उरकू.