ऑक्टाविया 1.8, लॉग 4 : 236 मधले खरे किती?

डायनोचा (चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजणारं यंत्र) कागद महिनाभर ग्लव्हबॉक्समध्ये पडून होता. वर ठळक अक्षरात 236 पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर. गाडीवर फक्त स्टेज 1 रीमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल), बाकी सगळं कंपनीचं, म्हणजे मुळात 180 पीएस आणि 250 एनएम टॉर्क. भेटेल त्याला मीही "दोनशे चाळीसच्या घरात" सांगत सुटलो होतो, कबूल.

रविवारी खालची बारीक ओळ वाचली. प्रत्यक्ष मोजलेला आकडा एकच : चाकांवर 184. पुणं साधारण 560 मीटर उंचीवर, त्या दिवशी 33 अंश, म्हणून त्याला 1.09 ने गुणलंय (हेच करेक्शन). मग गिअरबॉक्सने 15 टक्के खाल्ले असं धरून 0.85 ने भागलंय. झाले 236. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला तो गुणाकार शोभतो, कारण विरळ हवेचा फटका त्याला सरळ बसतो. आपल्याकडे ठरलेलं बूस्ट (हवेचा दाब) गाठायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टर्बोला जास्त फिरवतो आणि तूट बरीचशी तिथेच भरून निघते. तीच तूट डायनोचं सॉफ्टवेअर परत भरून देतं. एकाच बिलाचे पैसे दोनदा.

म्हणून रस्त्यावर मोजलं. आधी गाडी वजनकाट्यावर नेली. काट्यावरचा म्हणाला, "माल कुठाय?" माझ्यासकट, अर्ध्या टाकीला 1430 किलो. मग समृद्धीवर, 120 च्या मर्यादेत, पहाटे, तिसऱ्या गिअरमध्ये 95 ते 105. जीपीएस लॉगरवर 0.95 सेकंद, जाता-येता दोन्ही बाजूंची सरासरी. (डॅशबोर्डचा काटा बघून मोजू नका, तो नेहमी थोडा पुढेच असतो.) नुसतं वजन ढकलायला 158 पीएस, हवा आणि टायरचे 18, फिरणाऱ्या भागांचे अंदाजे 6. चाकांवर 182. डायनोच्या कच्च्या 184 शी इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनावर, 210 धरतो.

उताराचं मात्र सांभाळा. या वजनाला, या वेगाला नुसता 1 टक्का उतारही 5 पीएस फुकट देतो. एक मित्र घाट उतरताना लॉग करतो. त्याच्या गाडीची पॉवर दर पावसाळ्यात वाढते.

त्याच मित्राचा दावा : 300 पीएस, 330 एनएम, पॉवरचा शेंडा 5500 आरपीएमला. टॉर्कला आरपीएमने गुणा, 7023 ने भागा. 330 एनएम शेवटपर्यंत टिकला तरी 258 च होतात. शिवाय आमच्या दोघांच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची क्षमता 250 एनएम. रीमॅपनंतर मीही ती ओलांडली असणारच, म्हणून पहिल्या-दुसऱ्यात पाय हलका ठेवतो.

त्याच डायनोवर एकाची विनारीमॅप ऑक्टाविया 205 दाखवून गेली, तेच करेक्शन लावून. म्हणजे माझी कमाई 31. पैसे वसूल, तक्रार नाही.

पुढच्या लॉगमध्ये इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग). आधी आणि नंतर, एकाच दिवशी, एकाच डायनोवर, करेक्शन बंद करून.