तापमानाचा रकाना

नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघायची आमची तपासणी, एनसीव्ही. सोलापुरात तिला एनसीव्ही कुणी म्हणत नाही, ‘करंटचं’ म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘दोन्ही हात’. काय होतंय, कधीपासून, ते आम्हीच विचारायचं.

मावशी पन्नाशीच्या, तीस वर्षं बिड्या वळतात. रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. हल्ली कात्री धरवत नाही, पान वाकडं कापलं जातं. करंगळीचं विचारलं. “ती चांगली आहे की!” तिथंच निम्मं कळलं. मनगटातल्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि अंगठ्याकडची मीडियन नस जाते. दाटी झाली की चेंगरते ती नसच. करंगळीची अल्नार नस त्या बोगद्यात नसते. मावशींचा उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा तर पार बसला होता.

आमचा नवा मुलगा वायरी चिकटवायला लागला, त्याला थांबवलं. हाताचं तापमान 27 अंश. एसी मशीनसाठी असतो, पेशंटसाठी नाही. गार नसेतून संदेश हळू जातो, अंशामागे साधारण 0.2 मिलिसेकंद. म्हणून 32 च्या खाली मी सुरूच करत नाही. कोमट पाण्यात वीस मिनिटं हात. बाहेर आठ जण बसलेले, मुलगा सारखा घड्याळ बघतोय. या पोरांना आकडा छापून आला की काम झालं वाटतं.

33 झाल्यावर अनामिका घेतली. माझं लाडकं बोट. एका बाजूला मीडियन, दुसऱ्या बाजूला अल्नार. बोट तेच, तापमान तेच, 14 सेंटिमीटर अंतर तेच, म्हणजे नसेला सबब सांगायला जागा नाही. अल्नार 2.9 मिलिसेकंद. मीडियनची सपाट रेघ, पुन्हा पुन्हा सरासरी काढूनही. अंगठ्याच्या स्नायूला संदेश पोचायला 7.2 लागले. आमच्याकडे 4.4 पर्यंत ठीक धरतात.

मग मावशींनी पिशवीतून जुना रिपोर्ट काढला. दीड वर्षापूर्वीचा, जानेवारीतला, आमच्याच मशीनवरचा. मीडियन 5.0, अल्नार 4.1, म्हणून ‘दोन्ही नसा मंद’. त्यावर दीड वर्ष जीवनसत्त्वाच्या गोळ्या. पण अल्नारचा आलेख चांगला उंच होता. आजारी नसेचा सहसा बुटका येतो. गार नसेचा उशिरा येतो, पण उंच येतो. आणि दोन्हींत 0.9 चा फरक, मीडियन चेंगरलीय म्हणायला 0.5 पुरला असता. तापमानाचा रकाना रिकामा. तपासणी करणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं.

त्या दिवशी बाहेर किती जण बसले होते, आठवत नाही.

“ऑपरेशन केलं तर बिड्या कधी वळता येतील, ताई?” ते डॉक्टर सांगतील, मी म्हणाले. अंगठ्याखालचं मांस परत भरेल का, हे त्यांनी विचारलं नाही.

“हा जुना कागद टाकून देऊ?”

“नको,” म्हणाले, “दोन्ही दाखवा त्यांना.” त्यावरची अक्षरं माझी, हे काही बोलले नाही.