आमची वाटचाल: डेल्को, बारा व्होल्टचा बल्ब आणि घसरलेली पुली

नाशिकच्या अंबडला पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांनी गॅरेज टाकलं, तेव्हा हाताखाली कामं असायची ती पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरची. द्वारका चौकातून मुंबईची भाडी मारणारे टॅक्सीवाले रात्री गाडी सोडायचे आणि पहाटे घेऊन जायचे. डेल्कोचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढायचं, आतले उघडमीट करणारे पॉइंट घासायचे, फिलर गेज (गॅप मोजायची पत्री) घालून त्यांच्यातला गॅप बघायचा, मग बल्बला दोन वायरी जोडून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावायचं. शाळेतून आलो की अण्णांच्या शेजारी उभं राहून मी हे सगळं बघायचो. गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. मग आधी लावलेलं टायमिंग वाया.

पुढे गाड्यांना इंजेक्शन आलं आणि डेल्को गेला. आमच्याकडे सर्व्हिसिंग, क्लच, सस्पेन्शन एवढंच राहिलं. बल्ब ड्रॉवरमध्ये गेला.

तो बाहेर निघाला १९६९ सालच्या एका एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमुळे. गंगापूर रोडच्या गिऱ्हाइकाने ती वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम) १-३-४-२. मला हुरूप आला. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) ठेवला. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून पुली (क्रँकच्या टोकावरचं चाक) १० अंश आधीच्या खुणेवर धरली आणि बल्ब पेटेल तिथे डेल्को आवळला. मग व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि ६०० आरपीएमला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारला. १४ अंश. पुस्तकात होतं तेच. या गाडीच्या खुणा खाली असतात, त्यामुळे लाइट धरायला गाडीखाली आडवं व्हावं लागतं. समाधानाने उठलो.

दुसऱ्या दिवशी कसारा घाटातून फोन आला. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिन खडखडतंय, डब्यात खडे घालून हलवावे तसं. मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि गाडी ओढून आणली. चार दिवस प्लग, कार्ब्युरेटर, पेट्रोल सगळं तपासलं. वेग वाढला की टायमिंग पुढे नेणाऱ्या डेल्कोतल्या वजनांच्या स्प्रिंगासुद्धा काढून बघितल्या. शेवटी अण्णा म्हणाले, "पिस्टन बघ, पुली बघू नकोस."

जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून आम्ही त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला आणि तो एक नंबरला लावला. सगळे प्लग काढून, बॅटरी सोडवून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. पिस्टन बोल्टला टेकला तिथे पुलीवर खडूची रेघ. उलट दिशेने फिरवून टेकला तिथे दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टॉप, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. कारखान्याची खूण तिथून सेंटिमीटरभर लांब होती, म्हणजे आठेक अंश! पुलीची बाहेरची कडी आतल्या रबरावर पुढे घसरली होती. खूण लवकर येत होती आणि मी तिच्यासाठी टायमिंग पुढे ओढत गेलो. कागदावर १४, इंजिनात २२. ठिणगी फार लवकर पडत होती, म्हणून चढावर खडखड.

पुली बदलली. नवीन पुलीचा टॉपही तसाच मोजला, मग टायमिंग लावलं. कंपनीचे आकडे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आहेत, आपल्या पंपावर तेव्हा साधं मिळायचं ९१चं, म्हणजे लवकर खडखडणारं. म्हणून कसाऱ्यापर्यंत उतरून, परत चढून बघितलं आणि दोन अंश मागे घेतलं. इगतपुरीपर्यंत आवाज नाही. दुसऱ्या वेळच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. चूक माझी होती.

त्या गिऱ्हाइकाने पुण्याच्या मित्राला सांगितलं, त्याने मुंबईतल्या एकाला. आता शेडच्या अर्ध्या भागात फक्त जुन्या गाड्या असतात. काम हळू चालतं आणि मी घाई करू देत नाही. प्रत्येक गाडीचं एक पान असतं: टॉप मोजला की नाही, गॅप, टायमिंग, घाटात काय ऐकू आलं. अण्णा आता खाली वाकत नाहीत. खुर्चीवर बसून इंजिनाचा आवाज ऐकतात, आणि मी पान लिहून झाल्यावरच मान हलवतात.

पुढच्या आठवड्यात एक स्टँडर्ड हेराल्ड येतेय. बोल्ट बसवलेला प्लग आजच पुसून ठेवलाय.