विकास आराखड्यावर हरकत घेताना

आमच्या किनाऱ्यावरच्या नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा मला एकच मुद्दा मांडायचा होता: इथे काम करणाऱ्याला इथेच राहायला जागा मिळाली पाहिजे. दवाखान्यातल्या नर्स, मासळी बाजारातल्या बायका, शिक्षक रोज लांबच्या गावांतून एसटीने येतात. समुद्राकडचे फ्लॅट मात्र वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार लेखी हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. त्यातले बरेचसे नकाशा समजून घेण्यातच जातात. मी विद्यमान आणि प्रस्तावित भू-वापराचे नकाशे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. एकीकडे भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा सीआरझेडचा, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारी पट्टा, दुसरीकडे डोंगरउतार. मधली सपाट जमीन थोडीच. तरीही निवासी विभाग भातशेतीकडे पसरवलेला आणि बसस्थानकामागच्या मोकळ्या जमिनीला रस्ता फक्त ६ मीटरचा. हीच खरी मेख होती. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत जादा चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर जास्तीचं किती बांधकाम करता येईल ते, रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता अरुंद दाखवला, की लहान घरांची उंच इमारत तिथे कागदावरच अडते. मी १२ मीटर रस्त्याची मागणी केली.

दुसरी मागणी आरक्षणाची, म्हणजे आराखड्यात जमीन ठरावीक कामासाठी राखून ठेवण्याची. मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) २० टक्के वाटा लहान घरांना देण्याची अट मोठ्या शहरांसाठी आहे, आमच्यासारख्या शहराला ती लागू नाही. म्हणून दुर्बल घटकांच्या घरांसाठी थेट आरक्षण मागितलं, तेही नगरपरिषदेच्याच मालकीच्या भूखंडावर. खासगी जमिनीवरचं आरक्षण १० वर्षांत संपादित झालं नाही, तर मालक याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊन ते रद्द करवून घेऊ शकतो. जो कोणी हरकत लिहील, त्याने सर्व्हे नंबर आणि नेमका बदल लिहावाच. ‘गरिबांसाठी घरं हवीत’ एवढंच लिहिलं, तर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला नकाशात काय बदलायचं तेच कळत नाही.

नियोजन समितीसमोर बोलायला थोडीच मिनिटं मिळाली. शेजारच्या वस्तीतल्या काहींनी विरोध केला: गर्दी होईल, पाणी पुरणार नाही. पाण्याची काळजी रास्तच आहे. उन्हाळ्यात आमच्या विहिरींना मचूळ पाणी येतं. पण या घरांत राहायला येणारी माणसं दूर शेतांमध्ये विखरून राहिली तरी पाणी लागणारच, वर जलवाहिन्याही लांब टाकाव्या लागतील. हे मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. एका काकांनी नंतर बाहेर येऊन आपल्या मुलाला भाड्याने खोली मिळत नसल्याचं सांगितलं. विरोध करणाऱ्यांत तेही होते.

समितीने रस्त्याची रुंदी मान्य केली, आरक्षणाचं क्षेत्र मात्र कमी केलं. आता आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे आहे. शासनाने त्यात मोठे फेरबदल सुचवले, तर पुन्हा हरकती मागवल्या जातात. उरलेल्या क्षेत्रासाठी तेव्हा पुन्हा अर्ज देणार आहे, आणि या वेळी सोबत त्या काकांचीही सही असेल.