वेल्डिंग नसताना क्लच कव्हरचा तडा बुजवला, माझा अनुभव

बाईक पडली, ब्रेक पेडल वाकून थेट क्लच कव्हरवर (इंजिनाच्या बाजूचं, क्लच झाकणारं अॅल्युमिनियमचं झाकण) बसला आणि खालच्या बाजूला दोन इंचाचा तडा गेला, ऑइल थेंब थेंब गळायला लागलं. घरी वेल्डिंग मशीन नाही, गॅस टॉर्च मात्र होता, म्हणून अॅल्युमिनियम झाळायचे रॉड आणले. हे रॉड बहुतेक जस्ताचे असतात, साधारण ३९० डिग्रीला वितळतात. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, कास्टिंगचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागाचं, मिश्रण त्याच्या आधीच, म्हणजे हातात मार्जिन आहे पण फार नाही.

पहिल्यांदा पूर्ण फसलो. ज्वाला रॉडवर धरली, रॉड वितळला, गोळ्या झाल्या आणि पाऱ्यासारख्या घरंगळून खाली पडल्या, एकही चिकटली नाही. अॅल्युमिनियमवर हवा लागली की लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो २००० डिग्रीच्या वर वितळतो, टॉर्चने तो जळणारच नाही, खरवडूनच काढावा लागतो. शिवाय जॉब, म्हणजे कव्हर, थंड होता. रॉड ज्वालेने नाही, तापलेल्या जॉबने वितळला पाहिजे, सगळा खेळ इथेच आहे.

दुसऱ्या वेळी आधी कव्हर नुसतं तापवलं. बघतो तर तड्यातून काळं ऑइल बाहेर येतंय, कास्टिंगच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षं मुरलेलं! पुसलं, अॅसिटोनने धुतलं, पूर्ण सुकू दिलं, परत तापवलं, असं तीनदा केलं तेव्हा कुठे यायचं थांबलं. (ब्रेक क्लीनर वापरू नका, क्लोरीनवाला असेल तर तापल्यावर विषारी वायू होतो.) मग तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक मारलं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, कानशीने व्ही खाच केली, आणि लोखंडाला कधीच न लागलेल्या स्टेनलेस ब्रशने घासलं.

दारं खिडक्या उघड्या ठेवून आधी अख्खं कव्हर सावकाश गरम केलं, मग तड्याच्या आसपास. अॅल्युमिनियम लाल होत नाही, रंग बघत बसलात तर एकदम खाली बसेल, म्हणून ज्वाला बाजूला करून अधूनमधून रॉड टेकवून बघायचा. तो पसरायला लागला की त्या वितळलेल्या थराखाली स्टीलच्या सळईने खरवडत राहायचं. तेव्हा धातू खाचेत शिरताना दिसला आणि खरंच जीव भांड्यात पडला. पाणी न मारता आपोआप थंड होऊ दिलं.

गॅस्केटचा फेस, म्हणजे कव्हरची गॅस्केट बसते ती कड, किंचित वाकला होता, तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला, यात झाळण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

आणि हो, हे करण्याआधी कव्हर मॅग्नेशियमचं नाही ना ते बघाच. कोपऱ्यात जरा खरवडून त्या जागी व्हिनेगर टाकायचं, लगेच फेसाळलं तर टॉर्च जवळही नेऊ नका, मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. सिलिंडर हेडला किंवा इंजिन माउंटला मी हे कधीच करणार नाही, तिथे उष्णता आणि लोड दोन्ही जास्त, जस्ताचा सांधा तापला की मऊ पडतो.

शेवटी आतून रॉकेल लावलं, बाहेरून खडू घासला आणि रात्रभर ठेवलं. सकाळी खडू पांढराच होता, मग नवीन गॅस्केट टाकून कव्हर बसवलं.