ईएसपी इथला आणि तिथला

रविवारी भाचा आमच्याकडे जेलरोडला आला होता. केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला विषय घेतलाय कोळशापासून पेट्रोल. जर्मनीतल्या ब्योलेनचा, १९३० च्या दशकातला कारखाना. कागद पसरून म्हणाला, "मामा, तुम्हाला यातलं काय कळणार म्हणा." मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि एका चौकोनावर बोट टेकवलं. ईएसपी! म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, वायूतले बारीक कण विजेच्या ओढीने पकडणारं यंत्र. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात माझी उभी नोकरी त्याच्या देखभालीत गेली.

आमच्याकडे धुरातली राख विजेच्या ओढीने पत्र्यांना चिकटायची, मग हातोड्यांनी पत्रे ठोकून ती हॉपरमध्ये पाडायची. तो ठोका अजून झोपेत ऐकू येतो. तिथे ठोकायची गरजच नव्हती, डांबर आपणच ओघळतं. तपकिरी कोळशाच्या विटा हवा न लागू देता पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवायच्या, की डांबर वाफ आणि धुकं होऊन वायूबरोबर निघतं. खुबी इथे आहे: ईएसपीत वायू इतका गरम ठेवायचा की पाण्याची वाफच राहील आणि डांबर तेवढं खाली येईल. दोन्ही एकत्र उतरले तर ताकासारखं घुसळलं जातं, मग वेगळं करत बसा.

पुढे वायू थंड केला की मधलं तेल, म्हणजे डांबराहून हलकं आणि पेट्रोलहून जड, आणि फिनॉलचं घाण पाणी उतरतं. तरीही वायूत हलकं पेट्रोल उरतंच. ते जड तेलाच्या धारेत शोषून घ्यायचं, वाफेने त्यातून पुन्हा बाहेर काढायचं, आणि तेच तेल गार करून पुन्हा धारेला. शेवटी उरलेला वायू भट्ट्या तापवायला. डांबर मात्र हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली जाऊन पेट्रोल व्हायचं.

"म्हणजे डांबरगोळ्याही निघत असतील?" फारशा नाही. त्या गोळ्यांचं नॅफ्थलीन हजारेक अंशांच्या कोकभट्टीच्या डांबरात असतं. यात पॅराफिन आणि फिनॉल जास्त.

त्याच्या कागदावर एक गोष्ट नव्हती. आमच्या ईएसपीत पंख्याची ओढ असायची, फट पडली की बाहेरची हवा आत. तिथे अख्खा वायूच पेटणारा आणि आत ठिणग्या! हवा शिरली की संपलंच. म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्तच ठेवायचा. फटीतून वायू बाहेर आला तर एक वेळ चालेल.

आणखी एक लिहायला लावलं. ब्योलेनच्या या डांबराचं पेट्रोल करणारी ब्राबाग कंपनी १९३४ मध्ये नाझी राजवटीनेच उभी करवली, आणि १९४४ मध्ये तिच्या त्साइट्सच्या कारखान्यात बुखेनवाल्डच्या छळछावणीतले कैदी राबवले. "सर म्हणतील, टेक्निकल ठेव." म्हटलं, म्हणू देत.

निघताना चपला घालताघालता त्याने विचारलं, "मामा, इन्सुलेटरवर डांबर बसलं तर?" बसायला बघतंच. म्हणून तो भाग तापता ठेवतात. आमच्याकडेही हीटर होते, पावसाळ्यात ओल धरली की ट्रिप. एक चप्पल पायात, एक बाहेर, तो तिथेच उभा राहून मोबाइलवर लिहून घेत होता.