काका, ‘हो’ म्हणू नका

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार, लग्नसराईचे दिवस आणि आमच्या बँकेच्या शाखेतलं टोकन मशीन सकाळपासून बंद. साडेदहाच्या सुमाराला एक काका रांग सोडून थेट माझ्या टेबलापाशी आले, क्रेडिट कार्ड काचेवर आपटलं आणि म्हणाले, “म्याडम, ह्ये कार्ड हाय का पत्रा, तेवढं सांगा.”

काका ओळखीचे. वीज बोर्डातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पैशातली एक लाखाची एफडी आमच्याकडे आहे आणि हे कार्ड त्या एफडीवरच दिलेलं. ‘कार्ड घ्या, कार्ड घ्या’ म्हणून त्यांच्या मागे लागलो होतो तेही आम्हीच, मार्चचं टार्गेट होतं म्हणून. त्यामुळे मी गप्प ऐकून घेतलं.

आदल्या दिवशी सांगलीत मुलाच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं, चहाचे दोन राउंड, शालूवरून थोडी रुसवाफुगवी, आणि शेवटी 38,400 रुपयांचं बिल. काकांनी ऐटीत कार्ड काढलं. दुकानदारानं तीनदा मशीनमध्ये घातलं, तिन्ही वेळा नाही म्हणालं. “विहीणबाई माझ्याकडं अशा बघाय लागल्या, जसं काय मी उधारीवर पोरगं उजवाय निघालोय.” मग व्याही म्हणाले, मी देतो. ते तर काकांना जास्तच लागलं. कपड्यांचा गठ्ठा दुकानातच ठेवून सगळे घरी आले.

“ब्लॉक का काय झालंय म्हणं. उठवा तेवढं.”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी ग्राहकाला कधीच पटत नाही. क्रेडिट कार्डाचं शाखेला काहीही दिसत नाही. काकांचं बचत खातं दिसतं, एफडी दिसते, एफडीवर कार्डासाठी लावलेला लीन, म्हणजे बँकेचा तारण-हक्क, दिसतो. कार्ड का बंद झालं ते मात्र नाही. तो कारभार कार्ड विभागाचा. आम्ही तिकडे मेल टाकायचा आणि दोन दिवस वाट बघायची. नाहीतर ग्राहकाच्या शेजारी बसून, ग्राहकाच्याच हेल्पलाइनला, ग्राहकासारखाच फोन लावायचा. मी लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले म्हणून तीन दाबलं, आणि तेवीस मिनिटांनी हिंदीत एक मुलगी आली. मी शाखेतूनच बोलतेय, असं रुबाबात सांगितलं. ती म्हणाली, कार्डधारकाला द्या.

फोन स्पीकरवर टाकला. तिनं जन्मतारीख विचारली. काकांनी माझ्याकडे बघितलं.

“खरी का शाळेतली?”

त्यांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच. काका खरे जन्मले आषाढातल्या कुठल्याशा पावसात. “शाळेतली, शाळेतली,” मी कुजबुजले. मग आईचं नाव. तिथे ‘बाई’ लावायचं की नाही यावर एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं.

मग मुलीनं सांगितलं ते असं. शुक्रवारी दुपारी काकांच्या कार्डावर परदेशातल्या एका साइटवर एक डॉलर कापला गेला, म्हणजे आपले 86 रुपये. चार मिनिटांनी तिथूनच मोठ्या रकमेचा प्रयत्न झाला, मग आणखी एक. ते दोन्ही सिस्टीमनं अडवले आणि कार्ड तात्पुरतं बंद केलं. नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज पाठवला, दोनदा फोनही केला, कुणी उचलला नाही.

तो मोबाइल मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये. आणि हातात असता तरी त्यानं उचलला असता का, कोण जाणे. बँकेचा म्हणून फोन आला तर बोलू नका, असं आम्हीच बोर्ड लावून सांगतो. लोक ऐकतात, आणि खरा फोन असा वाया जातो.

“पण ओटीपी आलाच न्हाई,” काका म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडच्या साइटवर ओटीपीशिवाय गाडी पुढे सरकत नाही. परदेशातल्या कित्येक साइट तो मागतच नाहीत, नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होतं. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी वापर मुळात बंदच असतो, ग्राहकानं स्वतः सुरू करावा लागतो. तो मुलानं सुरू केला होता, बाइकचा कुठलासा पार्ट बाहेरून मागवायला, आणि परत बंद करायचा राहिला. आकडे तिथूनच गळाले, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मग हेल्पलाइनवरची मुलगी एका दमात म्हणाली, हे व्यवहार तुम्हीच केले आहेत का? हो असेल तर मी ब्लॉक काढते.

काकांना त्यातलं ‘ब्लॉक काढते’ एवढंच ऐकू आलं. चेहरा उजळला. “हो, हो! मीच...”

मी म्यूटचं बटण दाबलं. जोरात दाबलं असणार, फोन टेबलावरून घसरला.

पंधरा वर्षं बँकेत आहे. चोर ओटीपी गोड बोलून काढून घेतो हे शंभरदा ऐकलंय. इथे चोर समोर नव्हता, आमचीच मुलगी होती, तिचा प्रश्नही नियमाप्रमाणे होता, आणि काका केवळ विहीणबाईंना तोंड दाखवता यावं म्हणून चोराचा व्यवहार आपल्या नावावर घेत होते. ‘हो’ गेलं असतं तर कार्ड सुरू, त्या साइटला रस्ता मोकळा, आणि पुढच्या तक्रारीत बँक म्हणाली असती, तुम्हीच तर मान्य केलंत.

मी समजवायला लागले. फ्रॉड मॉनिटरिंग, रिस्क, संशयास्पद व्यवहार. काका माझ्याकडे नुसते बघत होते. मग स्वतःच म्हणाले, “म्हंजी डीओ उडाला म्हणा की.”

डीओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी खांबावर असतो तो फ्यूज. “गाव बोंबलतंय, वायरमन, डीओ टाका, डीओ टाका. पण लायनीत फॉल्ट तसाच ठिवून टाकला की पुन्हा उडतोय, न्हाईतर माणूस जातोय. आधी फॉल्ट, मग चार्ज.” एवढं बोलून ते फोनकडे वाकले. मी म्यूट काढला. “न्हाई ताई. ते मी केल्यालं न्हाई. बंदच करा कायमचं.”

कार्ड हॉटलिस्ट झालं. नवीन सात दिवसांत येईल म्हणाली. तक्रार क्रमांक मी पासबुकाच्या पाठीमागे लिहून दिला.

राहिला बस्ता. बचत खात्यात चाळीसेक हजार होते, मंडपवाल्यासाठी ठेवलेले. काकांनी विड्रॉवल स्लिप मागितली. “मंडपवाला गावचाच हाय, थांबंल. विहीणबाई न्हाईत थांबायच्या.” कॅशियरनं पाचशेच्या नोटा मोजून दिल्या, काकांनी परत मोजल्या.

ते निघाले तशी मी हाक मारली. 86 रुपयांचा फॉर्म भरायचा होता, इंग्रजीत, दोन पानी. “शहाऐंशी रुपयांपायी? सोडा की.” सोडायचं नाही म्हटलं. आपली चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. 2017 चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेनं दहा कामाच्या दिवसांत रक्कम जमा करायची असते. शिवाय तो एक डॉलर मान्य करून सोडला, तर पुढचं सगळं सैल पडतं.

काका पुन्हा बसले. खिशातून चष्मा काढला, फॉर्मवर बोट फिरवत एका रकान्यापाशी थांबले.

“म्याडम, हितं कुठली टाकू?”

“शाळेतली,” मी म्हटलं आणि पुढचं टोकन हातानंच लिहायला घेतलं.